खाली भाषा, वर नाच

३ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार आधी घ्या, रागवायचं नंतर बघू.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोन चार वेळा केला. दोनदा तुमच्या लेकीने उचलला. एकदा आई आंघोळीला गेली होती, एकदा झोपली होती. तिसऱ्यांदा जावईबापू होते. चौथ्यांदा तुम्ही स्वतः उचललात. मी विचारलं, "डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख कधीची दिलीय?" तुम्ही म्हणालात, "हो हो, बरं, ठेवते," आणि खरंच ठेवलात. तेव्हाच समजले, तुम्ही अजून माझ्यावर रागावलेल्या आहात.

तुम्ही लेकीकडे निघायच्या आदल्या दिवशी जिन्यात मी आवाज चढवला, ते माझं चुकलं. पण माझं म्हणणं एवढंच होतं, की उतारवयाच्या वर्गातल्या मंडळींना दोन जिने चढवत नाहीत. मंगळवारी सकाळी खालची मोठी खोली मला द्या, तुमचा वर्ग वर घ्या. तुम्ही धड ऐकूनही न घेता "बघू" म्हणून चालू लागलात. सतरा वर्षं आपण दोघी जावा एका छताखाली शाळा चालवतोय, खाली तुमची परदेशी भाषा, वर माझा नाच, आणि कधी भांडलो नाही असं मी जगाला सांगत फिरते. मग असं पाठ फिरवून गेलात की लागतं हो मनाला.

असो. वरची शाळा झकास चाललीय. खालची नुसतीच चाललीय. तुम्ही नेमलेले निवृत्त दुभाषी भाषेचे पुढचे दोन वर्ग घेतात. सगळं आयुष्य कोर्टात गेलं त्यांचं, त्यामुळे "आज पाऊस नाही" हेसुद्धा साक्ष दिल्यासारखं म्हणतात. नवशिक्यांचा पहिलीचा वर्ग मात्र माझ्या गळ्यात. क्रियापदं कुणाला पाठ होईनात, म्हणून मी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि सगळ्यांना उभं केलं. 'वळा' म्हटलं की वळायचं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. दातांचे डॉक्टर उलट्या बाजूला वळून पोस्टमनकाकांवर आदळले. काका म्हणाले, "चुकीच्या पत्त्यावर आलात." हसून हसून वर्ग संपला, पण दुसऱ्या दिवशी बाराही क्रियापदं सगळ्यांना येत होती. तुम्ही नाक मुरडणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता एक काळजीचं. डिसेंबरच्या तोंडी परीक्षेचा निकाल लागला. बारापैकी अकरा पास, आणि ती नर्स नापास. काल इस्पितळातून पाळी संपवून थेट आली आणि कागद हातात घेऊन खालच्या बाकावर बसून राहिली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "परीक्षेचं रेकॉर्डिंग असतं ना? ते कुणीतरी ऐका." मी समजावलं, "अहो, आमच्या वहिनींचा कान म्हणजे सोनाराचा काटा आहे. एक स्वर इकडचा तिकडे झाला तरी धरतात." त्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. म्हणाली, "तुम्ही फक्त ऐका."

काय करू ते कळवा. आणि राग सोडा.

तुमची,
भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

तू चुलत आजी झालीस. सहा तारखेला मुलगा झाला. लेक थकली आहे, पण ठीक आहे. बाळ फार गुणी निघालं, रडत म्हणून नाही. पाळण्यात पडल्या पडल्या हातपाय हलवत असतं.

मी रागावलेली नाही. या घराच्या भिंती जाड आहेत, फोनवर एक शब्द आला तर दोन गळतात. तेव्हा तू पत्रच लिहीत जा. लिहिलेलं पुन्हा वाचता तरी येतं. खालच्या खोलीचं मी आल्यावर पाहू.

क्रियापदांच्या उड्यांबद्दल काय लिहू? विद्यार्थी हसले म्हणजे शिकले, असं नसतं. त्यांना वह्या दे. रोज दहा वाक्यं लिहून घे. दुभाषी साक्ष देईनात का, पण त्यांचे उच्चार स्वच्छ आहेत, त्यांच्यामागून सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लाव.

नर्सबद्दल. गुण मी विचार करून दिले आहेत. कुणी बाकावर बसून राहिलं म्हणून निकाल बदलायचे असते, तर मी एव्हाना अर्धं गाव पास केलं असतं. तिची तयारी कमी पडली. जूनमध्ये पुन्हा बसू दे, मी स्वतः शिकवीन. फेरतपासणीच्या अर्जावर परीक्षकाची सही लागते, आणि सही करण्यासारखं मला काही दिसत नाही. रेकॉर्डिंगचे पेनड्राइव्ह लोखंडी कपाटात आहेत. किल्ली चुकून माझ्या पर्समध्ये आली.

पायाला जपून राहा. जिन्यावरून धावत उतरतेस, ती सवय सोड.

तुझी,
वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

आजी झालात! मी वरच्या वर्गात सांगितलं तर उतारवयाच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच आपापल्या नातवंडांचे फोटो काढले. पुढचा अर्धा तास नाच बंद. पण न रडणारं बाळ मी आजवर पाहिलं नाही हो. माझी दोन्ही पोरं कशी बोंबलायची, आठवतंय ना? तुम्हीच खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या.

नर्स पुन्हा आली होती. या खेपेला मी तिला वर नेऊन बसवलं. मुलांचा वर्ग चालू होता, ती कोपऱ्यात बसून बघत राहिली. मग हळूहळू बोलली. तिचा नवरा दोन वर्षं परदेशात आहे. गेल्या जूनमध्ये मुलीची शाळा सुरू व्हायची म्हणून मुलीलाही त्याच्याकडे पाठवलं. सहा वर्षांची पोर. हिला तिथल्या इस्पितळाने जागा दिलीय, फक्त मार्चअखेर हे प्रमाणपत्र पोचायला हवं. दोन वर्षं ती तुमच्याकडे शिकली, वहिनी. जून तिच्या काय कामाचा?

मी म्हटलं, "परीक्षेच्या दिवशी बरं नव्हतं का? घाबरला होतात का?"

"ताप होता. पण घाबरले नव्हते."

"मग काय झालं?"

ती बुटाचे बंद बांधत बसली. बराच वेळ बांधले. मग तेच आधीचं वाक्य, "तुम्ही ते रेकॉर्डिंग ऐका. मी काही बोलणार नाही."

मला त्यात राग दिसत नाही, वहिनी. राग असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. अर्ज सोबत पाठवतेय. फक्त सही करा. तुमचे गुण बरोबर असतील तर फेरतपासणीत तेच येतील, मग तिचंही समाधान होईल. आणि किल्ली पाठवा, पोस्टाने येईल. पोस्टमनकाका म्हणतात, जाड पाकिटात कापूस घालून पाठवायला सांगा.

वह्या दिल्या. सगळे मुकाट लिहितात. दातांचे डॉक्टर परवा आलेच नाहीत.

तुमची,
भिंगरी


२८ फेब्रुवारी

भिंगरी,

अर्ज कोराच परत पाठवते आहे.

तू मनाने चांगली आहेस, पण तुला या कामातलं कळत नाही. पाय शिकवणं वेगळं, कान शिकवणं वेगळं. कुणाच्या घरी काय अडचण आहे हे पाहून परीक्षकाने गुण द्यायचे नसतात. आपल्या केंद्राला परीक्षा मंडळाची मान्यता मिळाली ती माझ्या शब्दावर. तो शब्द तू पहिल्याच तक्रारीला असा टांगणीला लावशील असं वाटलं नव्हतं.

तू वरचं बघ. खालचं मी आल्यावर बघेन. किल्ली पोस्टात टाकण्यासारखी वस्तू नाही.

बाळ बरं आहे.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

वीस दिवस लिहिलं नाही. आधी तुमच्या पत्राने दुखावले होते. 'पाय शिकवणं वेगळं.' पत्र घडी करून ठेवलं, उघडलं, पुन्हा ठेवलं. मग जे केलं ते सांगते. किल्लीवाल्याला बोलावून मी कपाट उघडलं.

काल दुपारी वर्ग सुटल्यावर दुभाषी आणि मी खालच्या खोलीत बसलो. नर्सचं रेकॉर्डिंग वीस मिनिटांचं आहे. मला त्यातलं निम्मंच कळलं, पण दुभाषींनी सुरुवातीलाच चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई सुरेख बोलतायत." पुढे पाच मिनिटांनी म्हणाले, "हा प्रश्न दुसऱ्यांदा आला." आणखी थोड्या वेळाने, "त्या म्हणाल्या मी मुलांच्या वॉर्डात काम करते. परीक्षक विचारतायत, म्हणजे तुम्हाला मुलं नाहीत का?" ती शांतपणे सगळं पुन्हा सांगते, वहिनी. एकदा नाही, चारदा. आणि तुमचा आवाज मोठा, अजून मोठा होत जातो.

हे सगळं मी मनातल्या मनात सावरून घेत होते. वहिनी थकल्या असतील, सकाळपासूनची आठवी परीक्षा होती. पण मग चौदाव्या मिनिटाला तो आवाज आला.

परीक्षेच्या दिवशी वरच्या हॉलमधला मोठा आरसा भिंतीवरून निखळून पडला होता, आठवतं? कसं आठवेल म्हणा. मी इथे कोपऱ्यावर दुकानात होते, तिथपर्यंत ऐकू गेलं. समोरचा शिंपी कात्री हातात घेऊन धावत आला होता. रेकॉर्डिंगमध्ये तो दणका आहे, काचांचा सडा आहे, वर मुलींची किंकाळी आहे. नर्स ओरडते, "अगं बाई!" खुर्ची मागे सरकते.

आणि तुम्ही म्हणता, "छान. आता पुढचा प्रश्न."

दुभाषींनी मशीन बंद केलं.

वहिनी, तुम्हाला ऐकू येत नाही का?

दीड-दोन वर्षांपूर्वीपर्यंत तुम्ही छडीने छत ठोकायच्या, वरचा धिंगाणा थांबवा म्हणून. मग ठोकणं बंद झालं. मी लोकांना सांगायचे, वहिनी आता निवळल्या. जिन्यात तुम्ही पाठ फिरवून गेलात, मला वाटलं घमेंड. फोनवर ठेवते म्हणालात, मला वाटलं राग. एवढ्या जवळ राहून मला हे कळू नये? मी रागवू की रडू, कळत नाही. थोडं थोडं दोन्ही चाललंय.

मंडळाकडे मी अजून काही पाठवलेलं नाही. ते तुम्ही पाठवायचं. पण मार्च संपायला एकोणीस दिवस आहेत, आणि ती बाई मोजतेय.

भिंगरी


१८ मार्च

भिंगरी,

हो.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी इथे जे झालं ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं सांगायला सोपं जाईल. लेक डॉक्टरांकडे गेली होती, तपासणीला. तासाभराचं काम. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं, मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलेली, मधलं दार उघडं. लेक परत आली ती पायातली चप्पलही न काढता आत धावली. मी मागोमाग गेले. बाळ निळंकाळं झालं होतं रडून. घसा बसला होता, तोंड उघडत होतं आणि आवाज निघत नव्हता, म्हणजे मला वाटलं मलाच तो येत नाही, पण खरंच निघत नव्हता. शेजारीण दारावर मुठी आपटून हात लाल करून घेऊन गेली होती.

लेकीने बाळ छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मला तेही कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, ओठ सावकाश हलवत. "आई, तू दहा पावलांवर होतीस."

न रडणारं गुणी बाळ! मी तुला पत्रात लिहिलं ते.

तीन वर्षं झाली. आधी शब्दांच्या टोकाचे बारीक आवाज गेले. मी म्हटलं, मुलं हल्ली पुटपुटतात. मग मी ओठ वाचायला लागले. ते मला छान जमायचं, कारण कुठला स्वर काढताना तोंड कसं होतं हे शिकवण्यात जन्म गेला. पुढच्या बाकावरच्यांचं कळायचं, मागच्यांना मी पुढे बोलवायची. कडक शिस्तीची बाई म्हणून सगळं खपून जायचं. डॉक्टरकडे गेले नाही. एकदा का त्याने कागदावर लिहून दिलं, की मी काय उरणार होते? तुझ्याकडे नाच आहे, नवरा आहे, पोरं आहेत. माझ्याकडे कान होता. आणि तो गेला हे सांगायची मला लाज वाटत होती. जे उरलं नव्हतं ते उरलंय असं चोरून दाखवत राहिले.

त्या दिवशी नर्स मास्क लावून आली. मी काढायला सांगितला. ती डोळ्यांनी हसली आणि काहीतरी म्हणाली. नंतर कळलं, ताप आहे, तुम्हाला लागण नको. तिने माझी काळजी केली आणि मी तिला नापास केलं. समोर नुसतं पांढरं कापड. वीस मिनिटं मी अंदाजाने प्रश्न विचारले आणि अंदाजाने गुण दिले. कमीच दिले, कारण जास्त दिले आणि चुकले तर मंडळ विचारेल. कमी दिले तर कोण विचारतं? हे मला त्याच वेळी माहीत होतं. हे वाचताना तुला माझी कीव आली, तर हे वाक्य पुन्हा वाच.

सही केलेला अर्ज सोबत आहे. मंडळाला वेगळं पत्र पाठवलं आहे, त्यात सगळं लिहिलं आहे, काही झाकलेलं नाही. गेल्या तीन वर्षांच्या सगळ्या तोंडी परीक्षा तपासा असंही लिहिलं आहे. आपलं केंद्र जाईल. पाटीवरचं नाव जाईल. तुझ्या अर्ध्या शाळेवर मी पाणी सोडलं, तुला न विचारता.

तुला कामातलं कळत नाही असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. जिन्यातलं भांडणही मला तुझ्या पहिल्या पत्रातूनच कळलं होतं. मंगळवारी खालची खोली तुझी.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

उशीर झाला. दिवस कसे गेले सांगता येत नाही.

मंडळाचा माणूस दोनदा येऊन गेला. पेनड्राइव्ह सगळे घेऊन गेला. वागायला सभ्य होता, पण खुर्चीत बसला नाही, उभ्या उभ्याच सगळं लिहून घेतलं. निकाल असा: केंद्र एका वर्षासाठी बंद. सव्वाशे परीक्षा पुन्हा ऐकल्या, त्यात पाच चुकलेल्या निघाल्या. दोन नापास पास झाले. दोघांचे गुण जास्त पडले होते, त्यांना पुन्हा बसावं लागेल. त्यातला एक रिक्षावाला इथे येऊन माझ्यावर असा ओरडला की वरची छोटी पोरं जिन्यात गोळा झाली. आणि पाचवी नर्स. तिला शंभरात एक्याण्णव मिळाले.

पण कागद आला आठ एप्रिलला. जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली, वहिनी. त्या इस्पितळाने लिहिलंय, पुढच्या वर्षी अर्ज करा.

ती प्रमाणपत्र न्यायला आली तेव्हा मी तोंड लपवायला जागा शोधत होते. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. आरसा पडला आणि मॅडमनी पापणीही हलवली नाही, तेव्हा."

"मग बोलला का नाहीत? त्याच दिवशी, मंडळाला, मला?"

"इस्पितळात आम्ही म्हाताऱ्या माणसांचं असलं काही चारचौघांत बोलत नाही. त्यांच्या घरच्यांना कळू देतो, आपोआप. मला वाटलं, तुम्ही ऐकाल तर तुम्हाला कळेल, आणि कुणाची अब्रू जाणार नाही." मग म्हणाली, "मूर्खपणा केला. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही.

खालचे वर्ग निम्मे रिकामे झाले. प्रमाणपत्र नाही तर येऊन काय करायचं? जे उरलेत ते नातवंडांशी बोलायला शिकणारे, आणि आमचे पोस्टमनकाका. दुभाषी टिकून आहेत. दातांचे डॉक्टर परत आले, कारण वह्या मी बंद केल्या. एक आई मुलीला नाचाच्या वर्गातूनही काढून घेऊन गेली. म्हणाली, या शाळेत काय खरं, काय खोटं. घरी येऊन मी ह्यांच्यावर ओरडले.

सोबत मंडळाची नोटीस आहे. सहा मेला त्यांच्या मुख्य कचेरीत तुमची सुनावणी आहे. नर्सलाही बोलावलंय. मी तुमच्याबरोबर येते. नाही म्हणू नका.

आणि कानाचं मशीन घ्या. लेकीला सांगून घ्या.

तुमची,
भिंगरी


९ मे

भिंगरी,

तू येऊ नकोस असं तारेसारखं दोन ओळींत कळवलं, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. मला एकटीने जायचं होतं. इतकी वर्षं तू माझ्या वतीने लोकांना सांगत आलीस, वहिनी अशा, वहिनी तशा. या वेळी माझं मी सांगायचं होतं.

मशीन घेतलं आहे. आठ दिवस झाले. त्याने ऐकू येतं असं नाही, सगळंच एकदम येतं. चमचा पडला तरी कपाळात घुसतो आणि माणूस बोललं तर गवत तुडवल्यासारखं वाटतं. बाळ रडतं ते मात्र कळतं. लेक आता त्याला माझ्याकडे ठेवून अंगणापर्यंत जाते. त्यापुढे नाही.

कचेरीत लांब टेबल होतं, पलीकडे तिघे. मधल्या बाई कागदात बघत बोलत होत्या. मी हात वर केला, आपली मुलं करतात तसा. म्हटलं, "मला ऐकू येत नाही. कृपा करून माझ्याकडे तोंड करून बोला." सबंध आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बाई वळल्या. मग त्यांनी विचारलं ते सगळं मी सांगितलं. तीन वर्षांपूर्वीपासूनचं. वय विचारलं, किती वर्षं शिकवता विचारलं. डाव्या बाजूचा माणूस म्हणाला, तुम्ही स्वतः पत्र लिहिलंत हे आम्ही लक्षात घेऊ. मी म्हटलं, घेऊ नका. जाऊ कपाट फोडेपर्यंत मी लिहिलं नव्हतं.

मला आता परीक्षक म्हणून कधीच बसता येणार नाही. ते योग्य आहे. केंद्र पुढच्या वर्षी तुझ्या आणि दुभाषींच्या नावावर पुन्हा मागता येईल, त्यांनी तसं लिहून दिलं आहे.

मग तिला आत बोलावलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, बसली. त्यांनी विचारलं, "तुमचं नुकसान काय झालं, ते थोडक्यात सांगा."

ती म्हणाली, "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. परवा फोनवर म्हणाली, आई, तू सावकाश बोल ना, मला कळत नाही. मी आमच्याच भाषेत बोलत होते."

एवढंच. ती माझ्यासमोर बसली होती, खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर होता. मला पहिल्याच खेपेला सगळं कळलं. एक अक्षर गळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. माफी मागायची वाक्यं घरून ठरवून नेली होती, गाडीत तीनदा घोकली होती. तिने हात वर करून थांबवलं. मला दिसावं म्हणून तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाली, "मॅडम, मला आज जमणार नाही. उद्या जमेल का तेही माहीत नाही." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षीच्या जागेसाठी तिला मुलाखतीची तयारी करायची आहे. ती दुभाषींकडे येईल, मी त्यांना लिहिलं आहे. ती येते त्या वेळी मी शाळेत असणार नाही, हेही लिहिलं आहे.

मी सोमवारी दुपारी पोचते. शिकवायला नाही. पाटी, नावं, वेळापत्रक, सगळं तू ठरव. पहिलीच्या वर्गात मला मागे कुठेतरी बसू दे, तू क्रियापदं कशी शिकवतेस ते बघायचं आहे. मला वळा-थांबा करायला लावू नकोस, एवढीच विनंती.

एक राहिलं. सुनावणीनंतर आम्ही दोघी बसस्थानकावर आलो. ठरवून नाही, रस्ता एकच होता. एका बाकाच्या दोन टोकांना बसलो, मध्ये तिची पिशवी. कर्ण्यातून गाड्यांची नावं पुकारत होते, भोवती गर्दी, इंजिनं, पोरं. माझ्या मशीनमधून सगळ्याचा मिळून एकच गदारोळ. कुठली गाडी, कुठला फलाट, काही उमगेना. तिला विचारावं असं दहा वेळा मनात आलं. विचारायचा मला हक्क वाटला नाही, म्हणून लोकांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत बसले.

तेवढ्यात ती उठली, माझ्या हातातलं तिकीट वाचलं आणि दंडाला धरून मला उठवलं. इस्पितळात धरतात तसं, घट्ट, कोपराच्या वर. गर्दीतून वाट काढत चार नंबरच्या फलाटावर नेलं, बसच्या पायरीवर माझा पाय पडला तसा हात सोडला. वाहकाला काहीतरी सांगितलं. मी आत जाऊन खिडकीशी बसले आणि बाहेर पाहिलं, तिला निदान मान हलवून दाखवावी म्हणून. ती पाठमोरी होती. पिशवी खांद्याला लावून तिच्या फलाटाकडे भराभर चालली होती. तिची गाडी सुटायला आली असावी.

तुझी,
वहिनी